वसंतातला होला आणि २,२२० मते

माल्टात राहणाऱ्या एका मराठी वाचक भगिनीने विचारले आहे: "मी गेली दोन वर्षे नोकरीनिमित्त इथे आहे. एप्रिल महिन्यात पहाटे शेतांच्या बाजूने बंदुकीचे बार ऐकू येतात. २०१५ मध्ये वसंत ऋतूतली पक्ष्यांची शिकार बंद करण्यासाठी सार्वमत झाले आणि ते अगदी थोडक्यात हरले, असे सहकारी सांगतात. एवढी मोठी मोहीम का हरली? पक्ष्यांना तिचा काही उपयोग झाला का? आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या व्यक्तीला आज काही करता येईल का?"

पक्षिगणना आणि पक्षिसंरक्षणाच्या लोकमोहिमा या दोन्ही कामांत मी पंचवीसहून अधिक वर्षे आहे, आणि माल्टाचे प्रकरण मी पहिल्या सह्यांपासून बारकाईने पाहत आले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर द्यायचे तर, पक्ष्याची बाजू लंगडी होती म्हणून ती मोहीम हरली नाही. 'हा पक्षी कोणत्या महिन्यात मारू नये' हा मूळ प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोचता पोहोचता 'शिकारी माणसांनी आपल्या पद्धतीने जगावे की नाही' असा होऊन बसला, म्हणून ती हरली. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी आधी पक्षी आणि ऋतू समजून घ्यावे लागतील.

ज्या दोन पक्ष्यांवरून हा वाद आहे ते दोन्ही आपल्याला अनोळखी नाहीत. एक आहे युरोपीय होला, ज्याला माल्टी भाषेत 'गमीमा' म्हणतात. आपल्या अंगणात घुमणाऱ्या होल्यांचाच तो भाऊबंद, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, पाठीवर तांबूस पिसांची नक्षी आणि मानेवर काळे-पांढरे पट्टे असलेला. दुसरा आहे लावा, माल्टी भाषेत 'सुम्मीना'. याच जातीचे लावे हिवाळ्यात महाराष्ट्राच्या माळांवर आणि शेतांतही उतरतात. युरोपीय होला मात्र सहसा आपल्याकडे येत नाही. तो सेनेगल आणि मालीपासून पूर्वेकडे पसरलेल्या, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील गवताळ पट्ट्यात हिवाळा काढतो आणि वसंतात सहारा व भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात वीण करायला जातो. आफ्रिकेचा किनारा आणि इटलीचे सिसिली बेट यांच्या दरम्यान, जेमतेम ३१६ चौरस किलोमीटरचे माल्टा हे त्याच्या वाटेवरचे विसाव्याचे ठिकाण आहे. समुद्रावरून रात्रभर उडून थकलेला पक्षी पहाटे पहिल्या हिरव्या तुकड्यावर उतरतो आणि नेमकी तीच वेळ साधून शिकारी लपणात बसलेला असतो. तुम्हाला ऐकू येणारे बार पहाटेचे असतात ते यामुळे.

आता ऋतूचा मुद्दा. साऱ्या मोहिमेचा कणा हाच होता, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. शरद ऋतूत युरोपातून दक्षिणेकडे निघालेल्या थव्यात त्या वर्षीची पिल्ले मोठ्या संख्येने असतात. त्यांतली पुष्कळशी उपासमार, वादळ, शिकारी पक्षी, रोग आणि वाळवंट यांमुळे पुढचा वसंत पाहूच शकत नाहीत. म्हणजे शरदात मारलेल्या पक्ष्यांपैकी काही तसेही वाचले नसते. वसंतात परतणारा पक्षी मात्र या सगळ्या चाळण्यांतून गळून न पडता उरलेला असतो, आणि काही आठवड्यांत तो घरटे बांधणार असतो. होल्याची मादी एका वेळी दोनच अंडी घालते आणि एका हंगामात दोन किंवा तीन वेळा वीण करते. त्यामुळे एप्रिलमध्ये पडलेल्या एका मादीबरोबर त्या वर्षीची तिची सगळी पिल्लेही जातात. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे तत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग होड्या समुद्रात लोटतात, आणि पावसाळ्यातली मासळी अंड्यांवर असते हे कोळीवाड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. 'मासे कधीच धरू नका' असे तिथे कोणी म्हणत नाही. 'आत्ता धरू नका' एवढेच म्हणतात. वसंतातल्या शिकारीविरुद्धची मागणीही मुळात एवढीच होती. शरदातल्या हंगामाला तिने हातही लावलेला नव्हता.

कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. युरोपीय संघाच्या १९७९ च्या पक्षी-निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या कायद्याने, वीण सुरू असताना आणि स्थलांतरी पक्षी वीणीच्या प्रदेशाकडे परतत असताना त्यांची शिकार करण्यास मनाई केली. या मनाईला अपवाद करता येतो, परंतु त्याच्या अटी कडक आहेत: दुसरा समाधानकारक उपाय नसावा, मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या अल्प असावी, आणि सारे काटेकोर देखरेखीखाली व्हावे. माल्टा १ मे २००४ रोजी संघात आला आणि त्यानंतरही त्याने दरवर्षी वसंतातला हंगाम उघडला. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २००९ रोजी निकाल दिला की २००४ ते २००७ या वर्षांत असे करून माल्टाने निर्देशाचा भंग केला. या निकालातला सर्वांत बोलका भाग आकड्यांचा आहे. शरदातल्या शिकारीच्या तुलनेत वसंतात लावे तिप्पट, म्हणजे सुमारे १५,०००, आणि होले आठपट, म्हणजे सुमारे ३२,००० मारले जात होते. मात्र शरदात हे पक्षी माल्टावर फारच थोडे उतरतात, हे शिकाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने उडवून लावले नाही, आणि त्यामुळे अपवादाचे दार पूर्णपणे बंद झाले नाही. त्याच फटीतून सरकारने २०१० मध्ये नवे नियम केले: दोन-तीन आठवड्यांचा छोटा हंगाम, प्रत्येक शिकाऱ्याला ठरावीक मर्यादा, आणि साऱ्या देशासाठी ११,००० होले आणि ५,००० लावे एवढी कमाल संख्या. सार्वमतात रद्द करायचे होते ते हेच नियम.

आता मोहिमेकडे येते. पक्षिसंरक्षण आणि पर्यावरण क्षेत्रांतल्या संस्था, ज्यांत 'बर्डलाइफ माल्टा' अग्रणी होती, आणि हरित विचारांचा एक लहान राजकीय पक्ष यांनी २०१३ मध्ये आघाडी उभारली. माल्टाच्या कायद्यात एक तरतूद आहे, जी तोवर कुणी शेवटपर्यंत नेलेली नव्हती. नोंदणीकृत मतदारांपैकी दहा टक्क्यांनी सही केली, तर अस्तित्वात असलेला एखादा कायदा किंवा नियम रद्द करावा का, यावर सार्वमत घ्यावे लागते. दहा टक्के म्हणजे साधारण ३४,००० सह्या, आणि प्रत्येक सहीसोबत ओळखपत्राचा तपशील. हे काम किती कष्टाचे असते ते रस्त्यावर उभे राहून सह्या गोळा केलेल्यालाच कळते. लहान देशात जो तो एकमेकांना ओळखतो, आणि शेजारी किंवा सासरा शिकारी असेल तर अशा कागदावर नाव घालायला माणूस कचरतो. तरीही ४०,००० हून अधिक सह्या जमल्या आणि २०१४ च्या मार्च महिन्यात त्या निवडणूक आयोगाकडे सुपूर्द झाल्या. शिकारी महासंघाने त्याला आव्हान दिले. घटनात्मक न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये सार्वमताचा मार्ग मोकळा केला आणि ११ एप्रिल २०१५ ही तारीख ठरली.

निकाल तुम्ही ऐकलाच आहे, परंतु आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. नियम चालू राहावेत असे म्हणणारी मते १,२६,४३४, रद्द व्हावेत असे म्हणणारी १,२४,२१४. टक्केवारीत ५०.४४ विरुद्ध ४९.५६. फरक २,२२० मतांचा. अवघ्या १,१११ मतदारांनी आपले मत बदलले असते, तर निकाल उलटा लागला असता.

एवढ्या थोड्या फरकाने हरलेल्या मोहिमेची कारणे सांगताना जपून बोलावे लागते, कारण इतक्या निसटत्या निकालात कोणतेही एक कारण पुरेसे ठरू शकते. तरी माझ्या मते तीन गोष्टींना वजन आहे, आणि त्यांतली तिसरी सर्वांत जड आहे.

पहिली गोष्ट प्रश्नाच्या शब्दांची. कायदाच असा होता की 'हे नियम चालू राहावेत का' असा प्रश्न विचारला जाणार. त्यामुळे पक्ष्यांच्या बाजूच्या माणसाला 'नाही' म्हणावे लागले आणि शिकारीच्या बाजूच्या माणसाला 'होय'. होकारामागे उभे राहायला माणसाला बरे वाटते. नकाराच्या फलकाखाली उभे राहिले की आपण कुणाचे तरी काही हिरावून घेत आहोत असा भास होतो. पक्षी जगावा हा खरे तर होकारच होता, परंतु मतपत्रिकेवर त्याची जागा नकारात होती. शिकारीच्या बाजूने आपली सारी प्रचारमोहीम त्या एका 'होय'भोवती बांधली, आणि त्यात चूक काढता येत नाही.

दुसरी गोष्ट राजकीय पक्षांची. माल्टाचे राजकारण दोन मोठ्या पक्षांत जवळजवळ दुभंगलेले आहे, आणि त्या काळी संसदेच्या निवडणुकीत ९० टक्क्यांहून अधिक मतदान होत असे. पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते या दोघांनीही आपण 'होय' म्हणणार असल्याचे जाहीर केले होते. देशात परवानाधारक शिकारी दहा हजारांच्या घरात आहेत, त्यांची कुटुंबे धरली की मतदारसंघ हलवणारी संख्या होते, आणि कोणताही पक्ष तिला दुखवायला तयार नव्हता. हे ध्यानात घेतले की निकालाचा दुसरा अर्थ दिसतो: दोन्ही मोठ्या नेत्यांच्या विरोधात जाऊन मतदान करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी पक्ष्यांची बाजू घेतली. पक्षनिष्ठा घराण्यात चालत आलेली असते अशा देशात ही लहान गोष्ट नव्हे. मी तिला यश मानते.

तिसरी गोष्ट अशी की चर्चेचा विषयच बदलला. सह्या सादर झाल्यानंतर शिकारी महासंघाने एक लाखाहून अधिक सह्यांची स्वतःची याचिका संसदेकडे दिली. तिची मागणी अशी होती की अल्पसंख्य गटांच्या छंदांवर आणि परंपरांवर बहुमताने घाला घालता येऊ नये. पुढे प्रचारात हाच धागा वापरला गेला: आज शिकार, उद्या सणातले शोभेचे दारूकाम, परवा मोटारींच्या शर्यती. माल्टात गावोगावच्या चर्चच्या उत्सवांत दारूकामाची परंपरा अतिशय जिव्हाळ्याची आहे, तेव्हा हा बाण बरोबर लागला. ज्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, अशा माणसालाही आपल्या आवडीची एखादी गोष्ट धोक्यात आहे असे वाटू लागले. यात युरोपशी असलेल्या नात्याची जुनी सलही होती. संघात जाण्याआधी आपला वसंतातला हंगाम सुरक्षित राहील असे आश्वासन आपल्याला मिळाले होते, अशी शिकाऱ्यांची ठाम समजूत होती, आणि पुढचे न्यायालयीन निकाल त्यांना विश्वासघातासारखे वाटले. ज्याला फसवल्यासारखे वाटते त्या माणसाशी पक्ष्यांच्या वीणीबद्दल बोलायचे तर आधी त्याची ती खंत ऐकून घ्यावी लागते.

या बदललेल्या विषयाला पक्ष्यांच्या बाजूनेही नकळत हातभार लावला, आणि हे मी त्यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून लिहीत आहे. निसर्गात निवांत फिरण्याचा सर्वांचा हक्क, बंदुकांची भीती, मुलांची सुरक्षितता, संरक्षित पक्ष्यांची बेकायदेशीर कत्तल: हे सारे मुद्दे खरे होते आणि ते मांडले गेले. २०१४ च्या शरदात पांढरे करकोचे मारले गेले, तेव्हा सरकारलाही काही आठवडे हंगाम थांबवावा लागला होता. लोकांच्या मनात संताप होताच. परंतु या प्रत्येक मुद्द्याला शिकाऱ्यांकडे एक सरळ उत्तर होते: 'ते गुन्हेगार वेगळे, आम्ही कायदा पाळणारे वेगळे.' आणि ऐकणाऱ्याला ते पटत होते. एका प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे तितके सोपे उत्तर नव्हते: कायद्याचे तंतोतंत पालन करणाऱ्या शिकाऱ्यानेही वीणीला निघालेली मादी एप्रिलमध्ये का मारावी? मोहिमेने याच प्रश्नाभोवती ठाण मांडायला हवे होते असे मला वाटते. बेकायदा शिकारीचा राग माणसाला शिकाऱ्याकडे पाहायला लावतो. वीणीचा प्रश्न पक्ष्याकडे पाहायला लावतो. शिकाऱ्याबद्दल मतदारांत दोन तट होते. वीणीच्या पक्ष्याबद्दल, माझ्या अंदाजाने, तितके नव्हते.

हा धडा मी स्वतः फार आधी आणि फार कष्टाने शिकले आहे. उमेदीच्या काळात एका तलावाकाठच्या गावात हिवाळी बदकांना जाळ्यात धरण्याविरुद्ध आम्ही काम सुरू केले. पहिल्या वर्षी आम्ही फलक लावले, बदके धरणाऱ्यांना सभेत चार शब्द सुनावले, आणि पुढच्या सभेला एकही माणूस आला नाही. दुसऱ्या वर्षी काही न सुनावता पहाटे तलावावर मोजणीला चला, एवढेच म्हटले. जे धरत होते त्यांनाच पूर्वी कोणती बदके किती येत होती हे सर्वांत चांगले आठवत होते, आणि घट झाली आहे हे त्यांच्याच तोंडून निघाले. त्यानंतर जाळी पूर्ण बंद झाली असा दावा मी करणार नाही, परंतु बोलणे सुरू झाले आणि ते टिकले.

माल्टात सार्वमतानंतर जे घडले ते मोहिमेच्या यशापयशाचा हिशेब गुंतागुंतीचा करते. निकालानंतर पंतप्रधानांनी शिकाऱ्यांना ही अखेरची संधी असल्याचे बजावले आणि तीनच दिवसांत हंगाम उघडला. एप्रिल संपत आला असताना गोळी लागलेली एक खरुची मधल्या सुट्टीत एका शाळेच्या मैदानात मुलांसमोर पडली. खरुची हा संरक्षित शिकारी पक्षी. सरकारने त्या वर्षीचा हंगाम मुदतीच्या तीन दिवस आधी बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत युरोपीय होल्याची गणना 'असुरक्षित' प्रजातींत झाली, कारण युरोपातली त्याची संख्या १९८० पासून सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्याचे दीर्घकालीन गणनांतून दिसत होते. ब्रिटनमध्ये तर घट ९५ टक्क्यांच्याही पलीकडे गेली होती. मतदानानंतर अवघ्या सहा महिन्यांनी हाती आलेली ही गोष्ट आधी आली असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. २०१७ पासून माल्टाने वसंतात होल्याची शिकार स्थगित केली आणि ती स्थगिती २०२१ पर्यंत टिकली. म्हणजे मतपेटीत जे मिळाले नाही त्याचा मोठा भाग दोन वर्षांत गणनेच्या वह्यांनी आणि युरोपीय आयोगाच्या दबावाने मिळवून दिला. सार्वमताने हा विषय देशाच्या डोळ्यांसमोर ठेवला नसता तर ते इतक्या लवकर झाले असते असे मला वाटत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणून 'होय, उपयोग झाला' असेच आहे.

तो उपयोग अपुरा होता हेही सांगितले पाहिजे. स्थगितीच्या काळातही लाव्याचा वसंतातला हंगाम चालू होता. एकदा बंदूक घेऊन शेतात बसण्याची परवानगी असली, की समोरून उडणारा होला आहे की लावा हे तपासणारा पोलीस प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही, आणि पक्षिमित्रांनी हा आक्षेप वारंवार नोंदवला. मारलेल्या पक्ष्याची नोंद शिकाऱ्याने स्वतः फोनवरून करायची असते. अशा स्वयंघोषित आकड्यांवर देशाची कमाल मर्यादा पाळली गेली की नाही हे ठरते. मर्यादेचा नियम मोजणीइतकाच भक्कम असतो, आणि इथे मोजणी ज्याच्यावर मर्यादा घालायची त्याच्याच हाती आहे. २०२२ मध्ये होल्याचा वसंतातला हंगाम १,५०० पक्ष्यांच्या मर्यादेसह पुन्हा उघडला. तुम्ही दोन वर्षांपूर्वी तिथे पोहोचलात, त्यामुळे तुम्हाला ऐकू आलेले बार या नव्या काळातले आहेत.

याच पक्ष्याची दुसरी एक कहाणी तुमच्या सहकाऱ्यांना जरूर सांगा, कारण 'शिकार थांबवून काय होते, खरे कारण शेती आहे' हा युक्तिवाद तुम्ही ऐकालच. त्यात तथ्य आहे. होला तणांच्या बियांवर जगतो. तणनाशकांनी शेते स्वच्छ झाली, बांधावरची झुडपे गेली, आणि इंग्लंडमधल्या अभ्यासात एका मादीच्या हंगामातल्या वीणी १९६० च्या दशकातल्या जवळजवळ तिनावरून १९९० च्या दशकात दीडाच्या आसपास आल्याचे दिसले. परंतु कारणे दोन असली म्हणून एकाचा विचार सोडायचा नसतो. पश्चिम युरोपातून जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये, शरदाच्या सुरुवातीच्या हंगामात वर्षाला सुमारे दहा लाख होले मारले जात होते. फ्रान्समध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ही शिकार थांबवली, आणि २०२१ पासून तिन्ही देशांत ती बंद राहिली. शेतीत फारसे काही बदललेले नसताना पुढच्या दोन-तीन वर्षांत पश्चिमेकडील होल्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे गणनांत दिसले. २०२५ मध्ये तिथे मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली, ती आधी ठरवलेल्या टक्केवारीच्या आत. हा निर्णय मला आवडला नाही, परंतु त्याची रीत मला मान्य आहे: आधी पक्षी मोजायचे, मग बंदुकीला परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचे. माल्टावरून जाणारे होले मात्र इटली, मध्य आणि पूर्व युरोपाकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेवरचे आहेत, आणि पश्चिमेकडची वाढ त्यांच्या खात्यात जमा करता येत नाही. कोणी तशी करू लागले तर तिथेच थांबवा.

आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी वाटेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार बंदच झाली, त्यामुळे हंगाम आवळण्यासाठी मोहीम करण्याची वेळ आपल्यावर येत नाही. परंतु हंगामाची कल्पना आपल्यालाही परकी नाही. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता आणि त्याही आधी, ब्रिटिश काळापासून, वीणीच्या काळात शिकार बंद ठेवण्याच्या तरतुदी होत्या. कायदा असूनही पक्षी वाचतोच असे नाही, हे आपण २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयावर पाहिले, जिथे अमूर ससाणे हजारोंच्या संख्येने जाळ्यांत धरले जात होते. पुढच्याच वर्षी ते थांबले, कारण ग्रामसभा, चर्च आणि वनखाते एकत्र बसले आणि जाळी लावणाऱ्यांना त्या बोलण्यात जागा मिळाली. माल्टाच्या आघाडीत शिकारी घराण्यातले, वसंतातली बंदूक खाली ठेवलेले चेहरे आणखी पुढे आले असते, तर ते कमी पडलेले १,१११ मतदार तिकडून आले असते असे मला अनेकदा वाटते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही तिथल्या नागरिक नाही, तेव्हा राष्ट्रीय सार्वमतात मत देणे किंवा अशा अर्जावर सही करणे तुम्हाला शक्य नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाने तिथल्या परंपरेला नावे ठेवलेली तिथल्या पक्षिमित्रांनाच अडचणीची ठरतात. विदेशी लोक आपल्याला शिकवायला येतात, हा शिकाऱ्यांचा आवडता मुद्दा आहे. तो त्यांच्या हाती आयता देऊ नका. परंतु मोजायला नागरिकत्व लागत नाही. वसंतात आणि शरदात तिथल्या संस्था स्वयंसेवकांना सोबत घेऊन निरीक्षणाचे काम करतात आणि नवख्यांना शिकवतात. एखाद्या संस्थेत नाव नोंदवा. एकटीने करायचे असेल तर घराच्या गच्चीवरूनही करता येईल: तारीख, वेळ, बारांची संख्या, आवाजाची दिशा, वाऱ्याचा जोर, आणि पक्षी दिसला असेल तर त्याची जात, उडण्याची दिशा व संख्या. जात नक्की ओळखता आली नाही तर 'ओळखता आला नाही' असेच लिहा. अंदाजाने लिहिलेली एक नोंद बाकीच्या शंभर नोंदींवरचा विश्वास घालवते. हंगाम सुरू होण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे दहा-दहा दिवसही लिहा, कारण बंद काळातले बार हीच सर्वांत मौल्यवान नोंद असते. वसंतातली शिकार दुपारपूर्वी संपली पाहिजे असा नियम राहिलेला आहे, तेव्हा दुपारनंतरचे बार वेगळे दाखवा. त्या वर्षीच्या नेमक्या तारखा आणि वेळा सरकारी अधिसूचनेत पाहून वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

जखमी पक्षी सापडला तर त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा, पाणी तोंडात ओतू नका, आणि पोलिसांना व पक्षी संस्थेला लगेच कळवा. बेकायदेशीर काही दिसले तर लांबूनच वेळ आणि जागा लिहून पोलिसांना फोन करा. बंदूकधारी माणसाशी शेतात वाद घालायला जाऊ नका आणि कुणाचा चेहरा किंवा घर समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि तुमच्या सहकाऱ्यांत कोणी शिकारी असेल तर त्याला एकदा शांतपणे विचारा की त्याच्या आजोबांच्या काळात एप्रिलच्या एका पहाटे किती होले उतरत असत आणि आता किती उतरतात. तो जो आकडा सांगेल तो तारीख घालून वहीत लिहा.